उघड्या लेन्सचा हिशेब

फास्ट लेन्स, म्हणजे मोठ्या छिद्राची लेन्स, हातात आली की पहिल्या दिवशी प्रत्येकाला एकच फोटो हवा असतो: चेहरा लख्ख, मागचं सगळं धूसर. तो मिळतोही. मग त्याच लेन्सने घरच्या साखरपुड्यात काढलेले फोटो लॅपटॉपवर पूर्ण आकारात उघडले जातात. एका फोटोत नाकाचं टोक स्पष्ट आहे, डोळे नाहीत. दुसऱ्यात कानातला झुमका स्पष्ट आहे, चेहरा नाही. जोडप्याच्या फोटोत नवरा फोकसमध्ये आहे आणि नवरी बाहेर. कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या छोट्या पडद्यावर यातलं काहीच जाणवलेलं नसतं.

अशा वेळी बहुधा लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात काही बिघाड नसतो. छिद्र पूर्ण उघडलं की फोटोतला स्पष्ट भाग काही सेंटिमीटरच्या थरापुरता उरतो, आणि तो थर कुठे ठेवायचा हे फोटो काढणाऱ्याला ठरवावं लागतं. हे ठरवण्यामागे साधी भूमिती आहे. ती एकदा नीट समजली की फास्ट लेन्स बेभरवशाची वाटत नाही. ती समजून घेण्यासाठी एफच्या आकड्यापासून सुरुवात करू.

एफचा आकडा म्हणजे काय

लेन्सवर ५० मिमी, एफ/१.८ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा फोकल लेंथचा. दुसरा सांगतो की फोकल लेंथला १.८ ने भागलं की छिद्राचा व्यास मिळतो. ५० भागिले १.८ म्हणजे जवळजवळ २८ मिलिमीटर. ८५ मिमी एफ/१.८ लेन्सचं छिद्र ४७ मिलिमीटरचं. लेन्समध्ये समोरून पाहिलं तर जेवढं गोल भोक दिसतं, तेवढा हा व्यास. आकडा भाजकात असल्यामुळे तो जितका लहान, तितकं छिद्र मोठं.

प्रकाश किती येतो हे छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरतं आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. म्हणूनच एफ/१.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही मालिका प्रत्येक पायरीला सुमारे १.४ पटीने वाढते आणि प्रत्येक पायरीवर प्रकाश निम्मा होतो. या पायरीला फोटोग्राफर स्टॉप म्हणतात. कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ पर्यंत येते. तिथून एफ/१.८ वर गेलं की प्रकाश जवळपास दहापट होतो.

दहापट म्हणजे किती, ते समईच्या उजेडात कळतं. पाच वाती लावलेल्या समईपासून हातभर अंतरावर आजी बसली आहे आणि घरातले दिवे बंद आहेत, असं समजा. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ३२०० ठेवला तर एफ/५.६ वर शटर साधारण १/८ सेकंद लागेल. तेवढ्या वेळात आजीने नुसती मान हलवली तरी चेहरा फिसकटतो. तोच फोटो एफ/१.८ वर १/८० सेकंदात निघतो. वातींचा पिवळा उजेड, गालावरची सावली, डोळ्यांतली ज्योत हे सगळं फ्लॅश न मारता जसंच्या तसं मिळतं. फ्लॅश मारला असता तर ज्यासाठी फोटो काढायचा, तो उजेडच मारला गेला असता.

मोठं छिद्र आधी प्रकाशासाठी हवं होतं

आज फास्ट लेन्स म्हटलं की धूसर पार्श्वभूमी आठवते. लेन्स बनवणाऱ्यांनी मात्र छिद्र मोठं केलं ते प्रकाशाच्या ओढीने. फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळात लेन्स साधारण एफ/१६ च्या आसपासच्या होत्या आणि माणसाला कित्येक मिनिटं डोकं न हलवता बसावं लागे. १८४० मध्ये व्हिएन्नातल्या जोसेफ पेट्झवाल या गणितज्ञाने खास पोर्ट्रेटसाठी लेन्स आखली. तिचं छिद्र सुमारे एफ/३.६ होतं आणि तिने पंधरा-वीस पट जास्त प्रकाश आत घेतला. फोइग्टलेंडरने ती बनवली. माणसांचे चेहरे मिनिटाच्या आत टिपता येणं तिच्यामुळे शक्य झालं. मधोमध ती उत्तम स्पष्ट होती आणि कडांना मऊ. चेहऱ्याच्या फोटोला ते चालून गेलं.

१९२४ मध्ये एर्नेमान कंपनीने एर्मानॉक्स नावाचा छोटा कॅमेरा आणला. लुडविग बेर्टेले याने आखलेली त्याची लेन्स आधी एफ/२ आणि पुढे एफ/१.८ होती. एरिक सालोमन या जर्मन छायाचित्रकाराने त्याच कॅमेऱ्याने न्यायालयांत आणि राजनैतिक बैठकांत, तिथल्याच दिव्यांच्या उजेडात, समोरच्यांना पोझ न देऊ देता फोटो काढले. बंद खोलीतला वृत्तफोटो रुळला तो अशा लेन्समुळे.

या वाटेवरचं टोक म्हणजे स्टॅन्ली कुब्रिकचा १९७५ चा ‘बॅरी लिंडन’ हा चित्रपट. अठराव्या शतकातले प्रसंग मेणबत्त्यांच्याच उजेडात चित्रित करायचे, असा कुब्रिकचा आग्रह होता. कार्ल झाईसने १९६६ मध्ये नासासाठी ५० मिमी एफ/०.७ ची प्लॅनार लेन्स बनवली होती. अशा दहाच लेन्स तयार झाल्या आणि त्यांतल्या तीन कुब्रिकने विकत घेतल्या. लेन्सची मागची काच फिल्मच्या इतकी जवळ बसायची की त्यासाठी मिचेल कॅमेऱ्यात फेरबदल करावे लागले. एफ/१.४ च्या चौपट प्रकाश आत येत होता, तरीही फिल्म डेव्हलप करताना ताणावी लागली. त्याची किंमत स्पष्टतेच्या थरात मोजावी लागली. नट किंचित पुढे झुकला तरी फोकस जायचा. म्हणून फोकस सांभाळणाऱ्या डग्लस मिलसमने बाजूने, काटकोनात, एक व्हिडिओ कॅमेरा लावला आणि त्याच्या पडद्यावर नटाचं अंतर पाहत फोकस फिरवला. छायाचित्रणासाठी जॉन ऑल्कॉटला ऑस्कर मिळालं. मोठं छिद्र प्रकाश देतं आणि त्याच वेळी जागा अरुंद करतं, हे त्या सेटवर सगळ्यांना पाठ झालं असणार.

थर किती जाड असतो

एका बिंदूतून आलेला प्रकाश लेन्सच्या पूर्ण छिद्रातून आत शिरतो आणि सेन्सरकडे नरसाळ्यासारखा निमुळता होत पुन्हा एका बिंदूत जमतो. छिद्र मोठं असेल तर या नरसाळ्याचं तोंड रुंद असतं आणि उतार पसरट. त्याचं टोक सेन्सरच्या किंचित पुढे किंवा मागे पडलं, तरी सेन्सरवर बिंदूऐवजी मोठी चकती उमटते. छिद्र लहान असेल तर तेवढीच चूक झाल्यावर चकती बारीक राहते आणि डोळ्याला ती बिंदूच वाटते. जितक्या अंतरात चकती डोळ्याला बिंदू वाटते, तेवढी डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजेच आपला थर.

आता आकडे पाहू. फुल फ्रेम कॅमेरा, ८५ मिमी लेन्स, एफ/१.८. किती बारीक चकती बिंदू धरायची याच्या रूढ निकषाने हिशेब केला तर १ मीटरवर थराची जाडी सुमारे १.४ सेंटिमीटर येते. १.५ मीटरवर ३.२ सेंटिमीटर, २ मीटरवर ५.७ आणि ३ मीटरवर १३. अंतर दुप्पट केलं की जाडी चौपट होते. म्हणून थर वाढवायचा असेल तर छिद्र बंद करण्याइतकाच सोपा उपाय म्हणजे एक पाऊल मागे जाणं. मोठ्या प्रिंटवर किंवा पडद्यावर शंभर टक्के मोठं करून पाहणाऱ्याला मात्र हा निकष सैल वाटेल. तिथे खरा थर याहून पातळ धरावा.

८५ ऐवजी ५० मिमी लेन्स लावली तर काय होतं, याबद्दल बराच गोंधळ असतो. चेहरा फ्रेममध्ये तेवढाच मोठा ठेवायचा असेल तर ५० मिमीने जवळ जावं लागतं. ५० मिमी एफ/१.८ ने १.५ मीटरवरून थर ९.४ सेंटिमीटर मिळतो. ८५ मिमी एफ/१.८ ने तितकाच चेहरा भरण्यासाठी २.५५ मीटरवर उभं राहावं लागतं आणि तिथेही थर ९.४ सेंटिमीटरच मिळतो. थोडक्यात, फ्रेम तीच ठेवली तर पोर्ट्रेटच्या अंतरांवर थराची जाडी जवळपास एफच्या आकड्यावरच ठरते. ८५ मिमी वेगळी दिसते ती मागच्या धूसरपणामुळे. त्याबद्दल पुढे.

क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स साधारण ७५-८० मिमीसारखी फ्रेम देते. तिथे एफ/१.८ वर १.५ मीटरला थर सुमारे ६ सेंटिमीटर येतो. फुल फ्रेमवर ८५ मिमीने मिळणाऱ्या थराच्या तो जवळपास दुप्पट आहे. नव्याने शिकणाऱ्याला ही सोय आहे, कारण चुकायला थोडी जास्त जागा मिळते. एक्सपोजर मात्र दोन्हीकडे सारखंच असतं. एफ/१.८ हा प्रकाशाच्या हिशेबात सगळीकडे एफ/१.८ च.

नथ आणि डोळे

आता हे आकडे एका चेहऱ्यावर ठेवून पाहू. नवरीचा क्लोजअप आहे. ८५ मिमी, १.५ मीटर, एफ/१.८. थर ३.२ सेंटिमीटरचा, म्हणजे फोकसच्या प्रतलापासून पुढे १.६ आणि मागे १.६. फोकस डोळ्यावर आहे. नथ डोळ्याच्या प्रतलापासून साधारण दोन सेंटिमीटर पुढे असते. म्हणजे ती थराच्या किंचित बाहेर गेली. तिच्यातले मोती ओळखू येतील, पण त्यांची चमक टोकदार दिसणार नाही. कान आठ-दहा सेंटिमीटर मागे आहेत, त्यामुळे कुड्या पूर्ण मऊ होतील.

आता तुम्हाला ठरवायचं आहे. डोळेच हवे असतील तर एफ/१.८ ठीक आहे, नथ मऊ राहू द्या. नथ आणि डोळे दोन्ही हवे असतील तर एफ/२.८ वर जा. थर ५ सेंटिमीटरच्या जवळ येतो, पुढच्या बाजूला अडीच सेंटिमीटर मिळतात आणि नथ आत येते. प्रकाश अडीचपट कमी झाला, तो आयएसओ ८०० चा २००० करून भरून काढता येतो. आजचे कॅमेरे २००० वर चांगले फोटो देतात. पार्श्वभूमी तरीही धूसरच राहते. नथीसाठी एवढा सौदा मला नेहमीच परवडणारा वाटतो, कारण त्या फोटोत नथ दागिना म्हणून नाही, चेहऱ्याचा भाग म्हणून दिसते.

चेहरा वळला की हिशेब आणखी कडक होतो. दोन बुबुळांमधलं अंतर सुमारे ६ सेंटिमीटर असतं. चेहरा ४५ अंशांत वळला तर एक डोळा दुसऱ्याच्या मागे चार सेंटिमीटरहून थोडा जास्त जातो. एफ/१.८ वर दोन्ही डोळे एकाच वेळी स्पष्ट येणार नाहीत. अशा वेळी कॅमेऱ्याजवळचा डोळा धरायचा, हा पोर्ट्रेटचा जुना नियम आहे. पाहणाऱ्याची नजर आधी जवळच्या डोळ्यावर जाते. तो स्पष्ट असेल तर दूरचा मऊ डोळा कोणाला खटकत नाही. उलट झालं तर फोटो बिघडल्यासारखा वाटतो.

मुंडावळ्या हा आणखी एक सापळा. कपाळावरून सुटलेले मोत्यांचे सर मान खाली घातली की नेमके डोळ्यांसमोर येतात. ऑटोफोकसला जवळची आणि ठळक कडांची वस्तू आवडते, म्हणून तो डोळा सोडून मोती पकडतो. तिथे फोकसचा बिंदू सर्वांत लहान करून मोत्यांच्या मधून दिसणाऱ्या डोळ्यावर ठेवावा, किंवा मान वर होण्याची क्षणभर वाट पाहावी.

दोन माणसांच्या फोटोत थर दोघांना मिळून वापरायचा असतो. जोडपं एकमेकांशेजारी, कॅमेऱ्यापासून समान अंतरावर उभं असेल तर एफ/२ सुद्धा चालतो. एक जण अर्धं पाऊल मागे असेल तर एफ/४ वर जा. ८५ मिमीने २ मीटरवर तिथे सुमारे १३ सेंटिमीटरचा थर मिळतो. त्याहून सोपं म्हणजे दोघांना डोकी जवळ आणायला सांगणं. बोलून जे साधतं, त्यासाठी प्रकाश खर्च करू नये.

मागचं किती धूसर होईल

पार्श्वभूमीच्या धूसरपणाचा नियम इतका सोपा आहे की तो पाठच करावा. खूप दूरचा एखादा दिवा धूसर होऊन जी गोल चकती बनते, ती माणसाच्या प्रतलावर मोजली तर छिद्राच्या व्यासाएवढी असते. ८५ मिमी एफ/१.८ ची चकती ४७ मिलिमीटरची. चेहरा साधारण १४-१५ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे मागे दूर लागलेल्या रोषणाईचा प्रत्येक दिवा चेहऱ्याच्या तिसऱ्या भागाएवढा दिसेल. ५० मिमी एफ/१.८ ची चकती २८ मिलिमीटरची, म्हणजे चेहऱ्याच्या पाचव्या भागाएवढी. दोघांचा स्पष्टतेचा थर सारखा असूनही ८५ मिमीचा फोटो जास्त मोकळा वाटतो तो यामुळे.

पार्श्वभूमी दूर नसेल तर चकती लहान होते. माणूस कॅमेऱ्यापासून २ मीटरवर आहे आणि भिंत त्याच्या मागे अर्ध्या मीटरवर आहे, तर ४७ मिलिमीटरच्या चकतीचा पाचवा भाग, सुमारे ९ मिलिमीटर, एवढाच धूसरपणा मिळतो. भिंतीवरची फ्रेम, स्विचबोर्ड, रंगाचे पोपडे सगळं ओळखू येतं. त्याच माणसाला भिंतीपासून ६ मीटर पुढे आणलं तर चकती ३५ मिलिमीटरची होते. लेन्स तीच, आकडा तोच. घरात पोर्ट्रेट काढताना माणसाला भिंतीला टेकवून बसवण्याऐवजी दरवाजाच्या तोंडाशी आणावं आणि मागे पूर्ण खोली सोडावी. महागड्या लेन्सचा बराचसा फायदा या एका हालचालीत मिळतो.

मोबाइलमध्ये हे का होत नाही, याचं उत्तरही याच नियमात आहे. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची फोकल लेंथ सुमारे ७ मिलिमीटर असते. एफ/१.८ लिहिलेलं असलं तरी छिद्र चार मिलिमीटरच्या आसपासच असतं आणि चकतीही तेवढीच. म्हणून पोर्ट्रेट मोडमध्ये सॉफ्टवेअर अंतराचा अंदाज बांधून मागचं पुसतं आणि सुटे केस, चष्म्याच्या काड्या, जाळीदार पदर यांच्या कडांवर अडखळतं.

चकतीचा आकार आणि पोत लेन्सनुसार बदलतो. छिद्र पूर्ण उघडं असताना मधल्या चकत्या गोल असतात आणि कडेच्या बदामी होतात, कारण तिरक्या प्रकाशाला लेन्सच्या नळीची कडा अडवते. एक-दोन स्टॉप बंद केलं की कडेच्या चकत्याही गोल होऊ लागतात, पण आता छिद्र बंद करणाऱ्या पात्यांचे कोन दिसू शकतात. मागे झाडांची पानं किंवा जाळी असेल तर काही लेन्समध्ये धूसर भाग अस्वस्थ, दुहेरी रेघांचा दिसतो. त्यावर इलाज एकच, जागा बदलून शांत पार्श्वभूमी शोधणं.

फोकस कसा लावायचा

थर तीन सेंटिमीटरचा असताना फोकसची पद्धत बदलावी लागते. जुनी सवय अशी की मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस धरायचा आणि मग कॅमेरा फिरवून फ्रेम जुळवायची. कॅमेरा फिरला की फोकसचं प्रतलही त्याच्याबरोबर फिरतं. ५० मिमी लेन्सने १ मीटरवरून फोकस धरून कॅमेरा १५ अंश फिरवला तर प्रतल डोळ्यापासून ३.४ सेंटिमीटर मागे सरकतं. एफ/१.८ वर तिथला संपूर्ण थर ४ सेंटिमीटरचा, म्हणजे मागेपुढे दोन-दोन. डोळा बाहेर गेलाच. म्हणून आधी फ्रेम ठरवावी आणि फोकसचा बिंदू डोळ्यावर न्यावा. मिररलेस कॅमेऱ्यात आय-डिटेक्शन असेल तर ते चालू ठेवा आणि शक्य असल्यास डावा की उजवा डोळा ते स्वतः निवडा.

पोर्ट्रेट काढतानाही सतत फोकस करणारा मोड वापरावा. उभा माणूस आणि फोटो काढणारा दोघेही श्वासाबरोबर पुढे-मागे डोलतात, आणि एक-दोन सेंटिमीटर डोलणं थर संपवायला पुरेसं असतं. कोपर शरीराला टेकवा, एक पाय किंचित पुढे ठेवा आणि तीन-चार फ्रेमचा छोटा बर्स्ट घ्या.

डीएसएलआर वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तिथे फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो आणि त्याच्यात व मुख्य सेन्सरमध्ये बारीक तफावत असू शकते. सगळे फोटो सातत्याने थोडे पुढे किंवा मागे पडत असतील तर मेन्यूतलं फोकस ॲडजस्टमेंट करून पाहा. शिवाय बहुतेक व्ह्यूफाइंडर एफ/२.८ च्या आसपासचा थर दाखवतात. एफ/१.४ चा खरा पातळ थर त्यात दिसत नाही, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, काढलेला फोटो मोठा करून तपासा.

ऊन, दिवे आणि काचेच्या मर्यादा

उघडं छिद्र भर उन्हात अडचण करतं. आयएसओ १०० वर उन्हात एफ/१६ ला १/१२५ सेकंद चालतं, हा जुना ठोकताळा. एफ/१६ पासून एफ/१.४ सात स्टॉपवर आहे, म्हणजे शटर १/१६००० पर्यंत जायला हवं. बऱ्याच कॅमेऱ्यांचं यांत्रिक शटर १/४००० किंवा १/८००० ला थांबतं. प्रकाश कमी करणारा तीन स्टॉपचा एनडी फिल्टर लावला की १/२००० पुरतं. झाडाच्या किंवा इमारतीच्या मोकळ्या सावलीत प्रकाश साधारण तीन स्टॉप कमी असतो, तिथे फिल्टरशिवायही काम होतं आणि चेहऱ्यावरचा उजेडही मऊ मिळतो.

मंगल कार्यालयातले स्वस्त एलईडी दिवे ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. छिद्र उघडून शटर खूप जलद केलं की फोटोत आडवे पट्टे येतात. तिथे १/१०० किंवा १/५० वर राहावं, यांत्रिक शटर वापरावं आणि आयएसओ कमी करून जास्तीचा प्रकाश सांभाळावा.

पूर्ण उघड्या छिद्रावर काचेचे दोषही उघडे पडतात. कॉन्ट्रास्ट थोडा कमी होतो, फ्रेमचे कोपरे काळवंडतात आणि चमकणाऱ्या कडांवर रंग चढतो. फोकसच्या पुढे जांभळट, मागे हिरवट. जरीच्या काठावर आणि चांदीच्या भांड्यांवर हे पटकन दिसतं. यातलं बरंचसं एक-दोन स्टॉप बंद केल्यावर निवळतं. हे दोष लेन्सच्या आतच सुधारायचे तर काच आणि वजन दोन्ही वाढतात. कॅननची आरएफ ५० मिमी एफ/१.८ लेन्स १६० ग्रॅमची आहे आणि तिच्यात सहा काचा आहेत. त्याच मालिकेतली एफ/१.२ लेन्स ९५० ग्रॅमची आणि तिच्यात पंधरा काचा. प्रकाश मात्र सव्वादोन पट, म्हणजे जेमतेम एका स्टॉपहून थोडा जास्त. शिकणाऱ्याने एफ/१.८ ची लेन्स घ्यावी आणि उरलेल्या पैशात प्रवास करावा, असं मी मनापासून सांगेन.

कधी उघडायचं, कधी नाही

नाट्यगृहात छिद्र बिनधास्त उघडावं. तिसऱ्या-चौथ्या रांगेतून नट ८ मीटरवर असेल तर ८५ मिमी एफ/१.८ ला सुमारे ९५ सेंटिमीटरचा थर मिळतो. म्हणजे दूर उभं असताना फास्ट लेन्स प्रकाश देते आणि फोकसची भीती जवळपास घालवते. १/२५० सेकंदावर हाताचा अभिनय गोठतो आणि आयएसओ आवाक्यात राहतो.

तीन रांगांचा कौटुंबिक फोटो असेल तर उलट करावं. ५० मिमीने ३ मीटरवरून एफ/१.८ ला थर ३८ सेंटिमीटरचाच असतो, मागची रांग बाहेर राहते. एफ/५.६ ला तो जवळपास १.२ मीटर होतो. तिथे पार्श्वभूमी धूसर करण्याचा हट्ट सोडावा. मागे बसलेली आत्या आणि पुढे मांडी घालून बसलेली पोरं सारखीच स्पष्ट हवीत, कारण तो फोटो सगळ्यांचा आहे.

सरावासाठी एक सोपा प्रयोग करा. जेवणाच्या टेबलावर पाच-सहा स्टीलच्या वाट्या एकामागे एक, हातभर अंतरात मांडा. तिसऱ्या वाटीच्या कडेवर फोकस धरा आणि एकाच जागेवरून एफ/१.८, २.८, ४ आणि ८ ला एकेक फोटो घ्या. मग दोन पावलं मागे जाऊन तेच परत करा. लॅपटॉपवर पूर्ण आकारात पाहिलं की थर कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि किती मागे गेल्यावर किती वाढतो, हे तुमच्या स्वतःच्या लेन्सचं उत्तर मिळेल. पुढच्या वेळी कोणाचा चेहरा समोर आला की आधी स्वतःला विचारा, या फोटोत काय स्पष्ट असलं पाहिजे आणि ते किती खोल आहे. त्याला पुरेल तेवढा थर घ्या आणि बाकी सगळं छिद्र प्रकाशासाठी उघडं ठेवा.